मिरचीचं मलम आणि अजिंठ्याच्या पायऱ्या

“दोन्ही गुडघ्यांना ऑस्टिओआर्थ्रायटिस आहे,” एक्स-रे उजेडात धरून डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे सांध्यातली गादी झिजते, सांधा आतून सुजतो, ठणकतो.

मी एकच विचारलं, “पायऱ्या चढता येतील ना?”

मी फर्दापूरचा. अजिंठ्याच्या लेण्यांत गाईड आहे. पायऱ्या सुटल्या की काम सुटलं.

पित्तामुळं मला गोळ्या सोसत नव्हत्या. म्हणून बाईंनी कॅप्सेसिनचं मलम लिहून दिलं. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीतलं तिखट.

शेजारी बसलेली माझी बायको सुमन म्हणाली, “मिरचीच लावायची तर संभाजीनगरला कशाला आलो? घरी पोतंभर हाय!”

बाई हसल्या. “ठेचा लावू नका हं, कातडी भाजेल. मलमात तिखट बेतानं घातलेलं असतं.” मग त्यांनी समजावलं. दुखण्याची खबर मेंदूला देणाऱ्या बारीक नसा असतात. मिरची आधी त्यांनाच चेतवते, म्हणून आग होते. रोज लावत राहिलं की त्या नसा थकतात, खबर देणं कमी करतात. “झिजलेली गादी भरून येणार नाही, पण दुखणं उतरेल. आणि मांड्यांचे व्यायाम चुकवायचे नाहीत.”

पहिले काही दिवस गुडघ्यांची नुसती लाही झाली. मी ट्यूब फेकायला निघालो, तर सुमननं ती काढून घेतली. “लई घाई तुम्हाला. बाईंनी धीर धरा म्हटलं ना?”

तुम्हाला हे मलम मिळालं तर एक ऐका: लावल्यावर हात साबणानं धुवा. मी नुसते रुमालाला पुसले आणि पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रासमोर उभा राहून डोळा चोळला. धारा लागल्या. लेणी बघायला आलेल्या साताऱ्याच्या एक मावशी गहिवरून म्हणाल्या, “किती जीव ओतून सांगतात हो!” त्याही पदर डोळ्याला लावू लागल्या. मग मला राहवलं नाही. “मावशी, मिरची गेलीय डोळ्यात.” सगळे असे हसले की पहारेकऱ्यानं येऊन दटावलं.

महिना होत आला तेव्हा एका सकाळी ध्यानात आलं, न्हाणीतून मी भिंत न धरता उठलो होतो. हळूहळू पायऱ्याही सोसू लागल्या. कधी ठणका येतो, मी थांबतो, पुन्हा चालतो. नसांचं हे गणित ज्यांनी शोधून काढलं, त्यांना मी मनातल्या मनात हात जोडतो.

एका सुट्टीला सुमनला घेऊन गेलो. इतकी वर्षं फर्दापुरात राहून तिनं लेणी पाहिली नव्हती. माझ्याही मनात कधी आलं नाही. उजव्या हातानं तिचा आधार घेत मी पार शेवटपर्यंत गेलो. निजलेल्या बुद्धाच्या पायांपासून डोक्यापर्यंत ती बघत बघत चालत गेली, मग माझ्याकडं वळली.

“हे समदं तुम्ही रोज लोकांला सांगता व्हय?”

“व्हय.”

“मग मला बी सांगा की. पहिल्यापासून.”

आम्ही मागं वळलो आणि पहिल्या लेण्याकडं चालू लागलो.