तेलात खवलेलं खोबरं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तो मुंबईत, फोनवर काय काय सांगणार? पण आज सांगतेच गो.

भाट्याच्या किनाऱ्यावर आमची घोडी फिरते, शेवंती. फिरायला आलेल्यांची पोरं पाठीवर घेते. गुडघे धरले होते बिचारीचे. तेव्हा गुरांच्या डॉक्टर मॅडमनी सीबीडीचं तेल आणलं. भांगेच्याच जातीचं झाड, पण नशा नाही हो! शेवंतीला आणि सदादादाच्या लंगड्या घोड्याला, बादलला, सारखंच द्यायचं. चंदीच्या, म्हणजे घोड्याच्या दाण्याच्या आधी, उपाशीपोटी. मग मॅडम रक्त घेणार — तेल अंगात किती उतरतं, जनावराला सोसतं का, ते बघायला. आमच्या घोडीची एवढी तपासणी! मला तर काय करू नि काय नको असं झालेलं.

सदादादा म्हणजे आमचा शेजारी. नवरा मुंबईला गेला तेव्हा लगाम धरायला मला त्यानेच शिकवलं.

आता शेवंतीची नाटकं ऐक. तेल तोंडात गेलं की थू! माझी साडी तेलकट. मग मी ओलं खोबरं खवलं, गूळ घातला, त्यात तेल कालवलं — मेलीने चाटूनपुसून खाल्लं! रोज घरून तसंच खाऊ घालून आणायचे. मॅडमना म्हटलं, उपाशीपोटीच देते. एवढ्याशा खोबऱ्याने काय होतंय — असं वाटलं होतं मला? की तेल बंद करतील ही भीती होती?

आणि एक दिवस शेवंती धावली! ओल्या वाळूत, शेपटी उडवत, दुडक्या चालीने! अगो, मी किंचाळले, रडले, नाचले. सदादादाने टाळ्या वाजवल्या.

मग रक्ताचा निकाल आला. शेवंतीच्या रक्तात तेल भरपूर, बादलच्या जेमतेम. मॅडम म्हणाल्या, चंदीत काही तेलकट-तुपकट असेल तर हे जास्त उतरू शकतं. पण तुम्ही दोघांनी उपाशीच दिलंत ना? दोघांनीही मान डोलावली. मॅडम सदादादावर चिडल्या — बादलला पाजलंच नाहीस, बाटली कुणाला दिलीस?

"आईशपथ, थेंबन् थेंब पाजला! विचारा हिला, रोज समोर असते."

होतेच मी समोर. रोज किनाऱ्यावर बादलच्या तोंडात तेल जाताना मी या डोळ्यांनी बघत होते. पण हो म्हटलं, तर पुढचा प्रश्न मलाच येणार होता — मग शेवंतीच्याच रक्तात एवढं कसं?

"मला काय माहीत," मी म्हटलं.

बादलचं तेल तिथंच बंद झालं. तो अजून लंगडतो. किनाऱ्यावर सदादादाला 'भांगवाला' म्हणून चिडवतात, आणि लोक हसले तेव्हा — मीही हसले. शेवंती मात्र धावते, आणि ती धावली की मला अजूनही आनंद होतो. तोही खोटा नाही.

सदादादा खरं बोलत होता. खोटं मी बोलले.