सोमवारचं सभागृह

टीव्हीवर संसदेचं कामकाज लागलं की मी अजूनही खुर्ची ओढून बसते. गोंधळातच एखादं विधेयक आवाजी मतदानानं मंजूर होतं आणि माझा पारा चढतो. आमच्या घरात हे खपलं नसतं. अज्जा, अप्पा आता नाहीत, आणि त्या सभागृहाची मला फार आठवण येते.

आमचं गाव बीदर जिल्ह्यात, कमलनगरजवळ. सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा घरचा नेम. त्यामुळे त्या दिवशी सगळे घरात असायचे, आणि संध्याकाळची लिंगपूजा आटोपली की ओसरीवर सभागृह भरायचं. खूळ अप्पांचं, म्हणजे वडिलांचं. रेडिओ ऐकून ऐकून त्यांनी ते घरात आणलं होतं. अप्पा सभापती, धाकटे काका कायमचे विरोधी पक्ष, थोरली अक्का आणि मी सदस्य. आईही सदस्य होती, पण चुलीपुढून भाकरी थापत ती एवढंच म्हणायची, "तुमी म्हणाल ते." अज्जा, म्हणजे आजोबा, राष्ट्रपती. मंजूर झालेलं विधेयक त्यांच्यापुढे जायचं. त्यांनी मांडणाऱ्याच्या कपाळाला विभूती लावली की त्याचा कायदा झाला. नव्या चपलांपासून शेळी विकण्यापर्यंत सगळं याच वाटेनं जायचं.

दहावी झाल्यावर अक्कानं विधेयक मांडलं: बीदरला कॉलेजात शिकायचं, वसतिगृहात राहायचं. आमच्या घरातली एकही मुलगी तोवर बाहेर राहिली नव्हती.

"अण्णा, पोरीला एकटीला कामून पाठवायलाव?" काका अप्पांवर तडकले. मग त्यांनी समितीची मागणी केली. समितीत ते एकटेच. बीदरला जाऊन वसतिगृह बघून आले आणि वरण फार पातळ आहे, असा अहवाल दिला. पुढच्या सोमवारी एकेका कलमावर चर्चा झाली. दर पंधरवड्याला घरी यायचं, ही काकांची दुरुस्ती अक्कानं मुकाट्यानं स्वीकारली. आम्ही दोघी बाजूनं, काका विरोधात, आईचं नेहमीचंच. विधेयक मंजूर!

अक्का धावत जाऊन अज्जांपुढे बसली. त्यांनी विभूतीच्या डब्याला हातच लावला नाही.

"हिच्या आईचं मत यात न्हाई. परत न्या."

अक्काचा चेहरा उतरला. तिला ठाऊक होतं आणि मलाही: ती गेली की पाणी, शेण, धुणं, सगळं एकट्या आईच्या अंगावर पडणार होतं. मी तेव्हा काही कामाची नव्हते. आई नको म्हणाली असती तर आम्ही तिला कोणत्या तोंडानं दोष दिला असता?

पुढच्या सोमवारी अप्पांनी विधेयक पुन्हा मताला टाकलं. आई पिठाच्या हातानंच ओसरीच्या दारात आली.

"व्हय," ती म्हणाली. "जाऊ द्या तिला."

एवढा मोठा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. अज्जांनी विभूती लावली. अक्काची पेटी काकांनीच बसमध्ये चढवली.

अक्का गेल्यानंतरच्या सोमवारी मला सारखं रडू येत होतं. अप्पा कामकाज सुरू करणार तोच आई पदर सावरत येऊन ओसरीवर सगळ्यांत बसली.

"माजं बी एक बिल हाय," ती म्हणाली. "म्हैन्यातून एकदा मी बीदरला जाणार. लेकीला बघायला. एकटी."

चर्चा नाही, मतदान नाही, कुठल्याच नियमात ते बसत नव्हतं. पण अज्जांनी विभूतीचा डबा उघडला होता.