फळाचा ताप उतरवणाऱ्या सिंधूअक्का

सिंधूअक्कांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या एका ओल्या खोक्यावर उभ्या होत्या. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत फळे आणि भाजीपाल्याची खोकी बनवण्याची त्यांची शेड आहे. तिथे मी काम मागायला गेलो होतो. माझे शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबलेले, त्यामुळे काय विचारतील याची धास्ती होती. अक्कांनी काहीच विचारले नाही. "ये, तू बी चढ," एवढेच म्हणाल्या. मी आधी वाकून खोक्याचे कोपरे पाहिले आणि मग पाय ठेवला. अक्का हसल्या. "चढाना पहिले कोपरा देखस. कामना शे तू." कामाचा आहेस, असे म्हणून त्यांनी मला ठेवून घेतले.

फळाला वाटेत घाम सुटतो, पुठ्ठा ओलावतो आणि सर्वांत खालचे खोके वरच्यांच्या वजनाने बसते, हे मला नंतर समजले. म्हणून नवा पुठ्ठा आला की अक्का त्याचे खोके भिजवून त्यावर स्वतः उभ्या राहतात. आज साठी पूर्ण होत असतानाही हे काम त्यांनी कुणावर सोपवलेले नाही. मात्र शेडमधल्या एका ताईंचे मनगट खोक्याची पट्टी आवळायचे यंत्र हाताने चालवून सुजू लागले, तेव्हा त्यांना घरी न बसवता अक्कांनी ते यंत्र पायाने चालेल असे करून घेतले.

गौरव समितीने अक्कांच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथासाठी मला लिहायला सांगितले, हा मी माझा मान समजतो. पण शांतपणे लिहिणे जमत नाही, कारण आमच्या खोक्यांतला केळीचा माल या क्षणी रस्त्यात आहे.

तापीकाठची केळी वर्षानुवर्षे ट्रकमध्ये पाला अंथरून, घडावर घड रचून जातात. वाटेत घासतात, काळी पडतात. थंड गाडी प्रत्येकाला परवडत नाही. अक्कांनी साध्या ट्रकमधून लांब जाणाऱ्या केळीसाठी नवे खोके तयार केले. आत बारीक छिद्रांची पिशवी आणि पिकणारे फळ जो वायू सोडते तो शोषून घेणारी पुडी. घडातून कापून धुतलेल्या प्रत्येक फणीला त्या हाताची उलटी बाजू लावून पाहतात. उन्हाची ऊब राहिली असेल तर पिशवी बंद करू देत नाहीत. "थांब, हिना ताप उतरू दे," म्हणतात.

पूर्व जळगावातल्या हिंमतभाऊंनी आपला सगळा माल या खोक्यांतून उत्तरेकडच्या बाजारात पाठवायचे ठरवले. त्यांचे भाऊबंद हसले. "केयी पाठवतो का मिठाई?" असे तोंडावर विचारले. माल हिरवा पोहोचला तर तेच भाऊबंद खोकी घेतील. वाटेत पिकला तर हिंमतभाऊंचा हंगाम गेला आणि त्या भागात आमचे खोके पुन्हा कुणी हातात धरणार नाही.

भरणी करायला आम्ही त्यांच्या मळ्यावर गेलो. गाडी भरली, दोर आवळले, हिंमतभाऊंच्या आईंनी नारळ फोडला आणि समाधानाने म्हणाल्या, "पयल्या खोक्यात पिकेल केयं ठेवलं म्या, देवाच्या नावानं."

त्यांच्या घरची ती रीतच. पाल्याच्या गाडीत चालून जायची. पण बंद खोक्यातले एक पिकलेले केळे शेजारच्यांनाही पिकवत जाते.

"बठ्ठा खोका उतारा," अक्का म्हणाल्या. म्हणजे सगळीच खोकी.

"अक्का, आत्तेच तर दोर बांधेल शे!" हमाल वैतागला.

"मंग सोडाले सोपा जाई."

पहिले खोके कोणते, हे आता कुणालाच सांगता येईना. एकेक उघडत गेलो. केळे सापडले तेव्हा ऊन उतरले होते. अक्कांनी ते खोके आणि त्याच्या आजूबाजूची खोकी बाजूला काढली. आजीबाई खाली मान घालून उभ्या होत्या. अक्कांनी ते केळे त्यांच्याच हातात दिले. "माय, देवले खोकामा का कोंडं? मोऱ्हे ड्रायव्हरजोडे बसू द्या. रस्ता तरी देखी." आजीबाई पदराआड हसल्या आणि स्वतः जाऊन केळे काचेपाशी ठेवून आल्या.

गाडी गेली. पण तेवढ्या वेळात तो वायू किती खोक्यांत शिरला असेल, हे मी तेव्हापासून मनात मोजतो आहे. आपण बाजूला काढली ती खोकी पुरेशी होती का? अक्कांना विचारले तर म्हणाल्या, "माले बी माहीत नही." खोटा धीर त्या देत नाहीत.

काल मी म्हटले, "अक्का, लेख जरा थांबवू का? माल पोहोचला की शेवट नीट लिहिता येईल."

"माल हिरवा गया तर मी चांगली, पिवया गया तर वाईट, आसं शे का? दी टाक."

म्हणून देतो आहे. फोन अजून आलेला नाही. हिंमतभाऊ सकाळच्या पहिल्या गाडीने नरडाण्याला आले. घरात बसवत नाही म्हणाले. अक्का हातातले काम ठेवून त्यांच्याजवळ बसल्या आहेत. आमच्या भागातून माल घेऊन जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे असे कुणीतरी फोनकडे बघत बसलेले असते. त्याच्याजवळ बसायला अक्का आम्हाला अजून पुष्कळ वर्षे हव्या आहेत. त्यांची प्रकृती खणखणीत राहो, एवढेच मागणे.