बाबांची बंदूक रिकामीच असायची

माझे बाबा, जानराव, फार शिस्तीचे होते असं बडनेऱ्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात. सांगोत बापडी. माझ्या मात्र डोक्यात तिडीक जाते, कारण त्या शिस्तीवर विसंबूनच माझी मैनाकाकू गेली.

तेव्हा कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. विलायतेला वऱ्हाडाचा कापूस हवा होता म्हणे, आणि गावात ज्याच्या त्याच्या अंगात वारं शिरलं होतं. बाबांनी अमरावतीहून ठासणीची बंदूक आणली, कारण हरणं आणि डुकरं पीक उभं राहू देत नव्हती. नळीत दारू आणि छर्रे घालून गजानं ठासायचे, मग घोड्याखाली तांब्याची टोपी बसवायची. अशी बंदूक एकदा भरली की रिकामी करायला बार काढावा लागतो. म्हणून बाबांचा नेम होता: संध्याकाळी शेतातून येताना शिवेवर थांबायचं, आभाळाकडं बार काढायचा, मगच गावात पाऊल टाकायचं. तो आवाज ऐकून बायका दिवे लावत. जानरावाची बंदूक घरात रिकामीच असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

त्या भादव्यात मला देवी आल्या. घरात फोडणी बंद, मोठ्यानं बोलणं बंद. देवीला आवाज खपत नाही. निरोप कळताच बाबा शेतातून धावत आले. शिवेवर त्यांनी सवयीनं बंदूक वर उचलली आणि तशीच खाली घेतली. लेकीच्या अंगात देवी असताना बार कसा काढायचा? त्यांनी घोड्याखालची टोपी तेवढी काढली, बंदूक खुंटीला लावली आणि कडुलिंबाची डहाळी घेऊन माझ्या उशाशी बसले. मी वाचले. चेहऱ्यावर वण राहिले, पण वाचले. त्या आनंदात ते बंदूक साफ विसरले.

खंडेनवमीला आम्ही विळे, कुऱ्हाडी धुऊन आणि बंदूक वरून पुसून पूजेला मांडायचो. बाबांचा धाकटा भाऊ सूर्यभान, माझा काका, मोठा थट्टेखोर. दरवर्षी तो रिकाम्या बंदुकीला टोपी लावून वाजवायचा; फट् झालं की आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. त्याची बायको मैनाकाकू हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. काकानं नळी तिच्याकडं वळवली आणि म्हणाला, "पळ वं हरणे!" काकू हसली. त्यानं चाप ओढला.

अजून कुठं ताट पडलं की मी कान झाकून घेते.

फौजदार आला. त्यानं बाबांना विचारलं, "बंदूक तुम्ही भरून ठेवली होती का?"

"माह्या घरात भरली बंदूक येत नाई, साहेब," बाबा म्हणाले. सगळ्या गावानं माना डोलावल्या. जन्मभर खरं बोललेल्या माणसाचं एक खोटं असं सहज खपून गेलं. फौजदार अपघात लिहून निघून गेला.

पण मग भरली कोणी? कुणी म्हणे चिंचेवरच्या मुंजानं. काकूच्या माहेरचे म्हणाले, सूर्यभानानंच. काकानं दंडाला ताईत बांधले, गंडेदोरे केले, पण काकू त्याला दिसायची थांबेना. कापसाच्या ढिगाशी ताट घेऊन उभी असते, म्हणायचा. एकदा मी वेचणीला त्याच्याजवळ होते. तो माझ्याकडं न बघताच बोलला, "पोरी, म्याच भरली असंन का वं? झोपेत? मले तं काईच आठवत नाई." मला रडू फुटलं. मलाही तेव्हा काही ठाऊक नव्हतं; मी काय सांगणार होते?

पुढं तर तो आपल्याच हातांना भ्यायला लागला. झोपेत हे हात आणखी काही करतील म्हणून रोज दिवेलागणीला तो बाबांपुढं मनगटं धरायचा, "दादा, बांध." आणि बाबा जुन्या धोतराच्या पट्टीनं ते हात खाटेला बांधायचे. एका वाक्यानं सुटणारे हात, आणि माझा बाप मुकाट्यानं गाठी मारायचा. आठ महिने! मला ते आठवलं की त्यांची चीड येते आणि त्यांचीच कीवही येते.

पुढल्या भादव्यात एका संध्याकाळी बाबांच्यानं गाठ मारवेना. ते काकाच्या पायाशी खाली बसले आणि बोलले, "सूर्या, बंदूक म्या भरली होती. पोरीले देवी होत्या, म्हून बार काढला नाई. मंग इसरलो. तुह्या हातात काईच नव्हतं रे."

मी दारात होते. मला वाटलं, आता काका ओरडेल, बाबांना मारेल. मारावंच, असंही वाटलं. पण काका एवढा शांत वर्षभरात दिसला नव्हता.

"भरली तुवा, दादा," तो म्हणाला. "पण रिकामी हाय असं समजून का व्हईना, नळीचं तोंड तिच्याकडं काहून केलं म्या?"

काकानं दोन्ही मनगटं पुन्हा पुढं केली.