आतोबांच्या जीपचा क्लिअरन्स

माझ्या आत्याच्या यजमानांइतक्या सोप्या शब्दांत समोरच्याला पुरता गोंधळात टाकणारा माणूस निदान भोपाळात तरी दुसरा नसेल. नोकरी लागून मी नागपूरहून आलो आणि कारखान्याच्या टाउनशिपमधल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये वर्षभर राहिलो. तेवढ्या काळात मला एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर मिळाल्याचं आठवत नाही. किती वाजले म्हटलं, तर आतोबा विचारणार, "भोंग्याप्रमाणे की घड्याळाप्रमाणे?" आत्याने भाजी कशी झालीय विचारलं, की "कशाच्या मानाने?" आणि चेहरा असा गंभीर, की चूक आपल्या प्रश्नातच होती असं मला वाटे.

निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांनी कुठूनशी एक जुनी जीप आणली. तीही आत्यासाठी. दोघांनी पहिला संसार सातपुड्यात, एका धरणाच्या कॅम्पवर पत्र्याच्या खोलीत मांडला होता. ती जागा पुन्हा एकदा बघायची, असं आत्या कैक वर्षं म्हणत होती. एकदा घरच्या छोट्या गाडीतून ते निघालेही. पण जंगलातल्या दगडांनी गाडीचं पोट फोडलं आणि ती ट्रॅक्टरला बांधून परत आणावी लागली. म्हणून आता आतोबांनी जीपचे कमानपाटे बदलून तिला चांगली हातभर उंच केली आणि ट्रकला शोभतील असे टायर चढवले. जीप मोठी रुबाबदार दिसू लागली. फक्त ती वळेना. स्टेअरिंग फिरवलं की टायर मडगार्डाला घासायचा आणि म्हैस हंबरल्यासारखा आवाज निघायचा.

"इतकी उंच करूनही घासतो?" मी विचारलं.

"तू या दारातून सरळ जातोस ना? आता हात पसरून जाऊन बघ."

मी खरोखरच हात पसरून जाऊन बघितलं. कोपर तेवढं आपटलं.

टायर आणि मडगार्ड यांच्यातल्या मोकळ्या जागेला आतोबा क्लिअरन्स म्हणत. त्यानंतर कुणीही "काय चाललंय?" विचारलं, की आतोबा उसासा टाकून सांगत, "क्लिअरन्स मिळत नाही." निवृत्त होणाऱ्या माणसाने हे म्हटल्यावर टाउनशिपने एकच अर्थ काढला: वरच्या साहेबांनी यांचे कागद अडवले! इंद्रपुरीच्या बाजारात लोक मला गाठून हळहळू लागले. ते जीपबद्दल बोलताहेत असं समजून मीही म्हणायचो, "हो ना, डाव्या बाजूने फारच अडलंय." डाव्या बाजूचे साहेब कोण, यावर मग कँटीनमध्ये चर्चा झडू लागली.

एका रविवारी सकाळी युनियनचे सेक्रेटरी पाच-सहा जणांना घेऊन दारात हजर.

"साब, कौन रोक रहा है आपका क्लिअरन्स? आप बोलो, कल गेट पे बैठ जाते हैं!"

आतोबांनी त्या धिप्पाड मंडळींना न्याहाळलं. त्यांचा चेहरा उजळला. "बैठना ही है तो यहाँ बैठो," म्हणत त्यांनी जीपच्या मडगार्डाकडे बोट दाखवलं.

एकमेकांकडे बघत मंडळी चढून बसली. जीप पुढून खाली दबली. "नारा लगाना है क्या?" एकाने दबक्या आवाजात विचारलं. "हिलना मत," एवढंच आतोबा म्हणाले आणि खडू घेऊन आडवे झाले. मी स्टेअरिंग फिरवायचं, टायर जिथे टेकेल तिथे त्यांनी खूण करायची. मग करवतीने पत्रा कापला, हातोड्याने कड दुमडली. दुपारी मंडळी पुन्हा चढून बसली, मी स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवलं, आणि आवाज आला नाही. "मिल गया!" आतोबा ओरडले. सेक्रेटरींनी त्यांना मिठी मारली. नेमकं काय मिळालं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं असेल असं वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं निघालो. जीप दगडांवरून आरामात गेली. कॅम्पच्या जागी मात्र सागाची झाडं आणि दोन-चार जोती उरली होती. गुडघ्यांमुळे आत्याला इतक्या उंचावरून उतरवेना. ती सीटवरूनच बघत राहिली. आतोबा पाचोळ्यात फिरून दाखवू लागले, "ही आपली खोली. हे दार. इथे तुझी चूल."

"चूल तिथे नव्हती हो," आत्या वरून म्हणाली. "तिथे मी तुमची वाट बघत बसायचे."

पायाने पाचोळा हळूच बाजूला सारून आतोबा त्या जागी खाली बसले, आणि आम्ही हाक मारेपर्यंत उठले नाहीत.