जिन्यातला सोफा

सौदीतल्या जुबैलला आम्ही नवव्या मजल्यावर राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी जिना शोधला. शोधला असंच म्हणायला हवं, कारण तो कुठं आहे हे मजल्यावर कुणालाच धड सांगता येईना. माझं माहेर-सासर दोन्ही चिपळूणजवळचं. बैठी कौलारू घरं. काही झालं तर माणूस उंबऱ्याबाहेर पाय टाकतो आणि अंगणात येतो. इथं उंबऱ्याबाहेर लिफ्ट होती. ती बंद पडली तर काय, हा प्रश्न मला पडला यात माझं काय चुकलं, ते मला आजही कळलेलं नाही.

"मॅडम, सीढी कायको? लिफ्ट है ना," इमारतीचा रखवालदार म्हणाला. तो बंगाली होता, सगळे त्याला हारिस म्हणत. मी हट्ट धरला तेव्हा त्यानं लिफ्टमागचा एक लोखंडी दरवाजा ढकलून उघडला आणि निघून गेला.

मुलीचा हात धरून मी उतरायला लागले. ती सहा वर्षांची, इंग्रजी शाळेत जाणारी. "आई, व्हाय आर वी नॉट टेकिंग द लिफ्ट?" दर मजल्याला तेच. जिन्यात चपलांची कपाटं होती, तांदळाच्या गोणी होत्या, पाचव्यावर एक मेलेला फ्रिज होता. आणि सातव्या-सहाव्याच्या मधल्या वळणावर लालभडक मखमली सोफा, तीन माणसांचा, वर प्लॅस्टिक तसंच. त्यावर चढून पलीकडे उतरावं लागलं. तळाला एक दार लिफ्टपाशी, मीटरच्या खोलीसमोर उघडायचं आणि दुसरं गल्लीत; गल्लीच्या दाराला साखळी आणि कुलूप. कुणीतरी एसीच्या तांब्याच्या नळ्या चोरल्या होत्या म्हणे, तेव्हापासून. किल्ली मालकाकडे. मालक दम्मामला.

माझा नवरा पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये टेक्निशियन. तिथं दर थोड्या दिवसांनी भोंगा वाजायचा आणि सगळे हातातलं टाकून ठरलेल्या जागी रांगेत उभे राहायचे. हेल्मेटचा पट्टा सैल होता म्हणून एकदा त्याला लेखी समज मिळाली होती. असा माणूस घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, खालच्या दाराला साखळी आहे."

"अगं, दिवसभर सेफ्टी, सेफ्टीच ऐकतो. घरी तरी नको."

मालकाला मीच फोन केला असता. पण घर नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, आणि मालक दुसऱ्याच्या बायकोशी बोलणार नाही. म्हणून नवऱ्यानं फोन धरायचा आणि मी बाजूला उभी राहून वाक्यं सांगायची. पलीकडून एकच उत्तर, "बुकरा, इन्शाल्ला." उद्या. पुढच्या महिन्यातही उद्याच.

मग मी बायकांकडे गेले. सोफ्याची मालकीण सातव्यावरची, हैदराबादची. "आपको मेरा सोफाच दिखता? पाचवे पे फ्रिज नहीं दिखता?" फ्रिजवाली म्हणाली, आधी सोफा काढू दे. गोणीवाली म्हणाली, चावल तो खतम हो जाएगा. तो संपायचा आणि नवीन गोणी यायची. समोरच्या भाभी तेवढ्या हसल्या. त्या श्रीवर्धनकडच्या, पन्नाशीच्या, त्यांच्या यजमानांचं बाजारात कापडाचं दुकान. त्यांच्याशी मराठीत बोलता यायचं म्हणून मी त्या इमारतीत टिकले. "अगो, कशाला जीव आटवतेस?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं काय झालं नाही." मला त्यांचाही राग आला.

हिवाळ्यातल्या एका दुपारी दिवे गेले. मुलीला सुट्टी होती. एसीची घरघर थांबली आणि मला रबर जळल्यासारखा वास आला. दार उघडलं तर लिफ्टच्या फटीतून काळा धूर येत होता. मी भाभींचं दार बडवलं. त्या पिठाच्या हातानं बाहेर आल्या, धूर बघितला आणि काही न विचारता अबाया अंगावर ओढला.

आम्ही तिघी जिन्यात शिरलो. अंधार होता, माझ्या मोबाइलचा इवलासा दिवा तेवढा. सोफ्यापाशी मी मुलीला उचलून पलीकडे टाकलं, मागून मी गेले. भाभींचा अबाया सोफ्याच्या पायात अडकला. मी ओढला, टर्रकन फाटला. त्या सोफ्यावर गुडघे टेकून धापा टाकत होत्या आणि मी मोठ्यानं शिव्या देत होते, माहेरच्या, ज्या मी लग्नानंतर तोंडातून काढल्या नव्हत्या. तेवढ्यात खालून माणसं वर पळत आली. "दरवाजा बंद है! ऊपर जाओ!" त्यांच्या मागून धूर चढत होता.

"चल वर," भाभी म्हणाल्या. "खाली जाऊन करणार काय?"

म्हणजे पुन्हा सोफा. वर गेलो तर गच्चीलाही कुलूप. आम्ही भाभींच्या घरात शिरलो, टॉवेल भिजवून दाराखाली कोंबले, खिडकी उघडून तिघी तिथंच उभ्या राहिलो. मी नवऱ्याला फोन लावला. लागला नाही. लागणार कसा? प्लांटच्या गेटवर सगळ्यांचे फोन काढून घेत, सुरक्षेसाठी.

मुलगी रडत नव्हती. तिनं माझ्या कमरेला असा घट्ट विळखा घातला होता, की तिचं काळीज माझ्या पोटाशी धडधडताना कळत होतं.

अग्निशमनाच्या गाड्या लवकर आल्या. तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत वायरी पेटल्या होत्या, म्हणजे पुढच्या दाराची वाटही बंद होती. त्या लोकांनी साखळी कापली, आग विझवली, आणि मास्क लावलेला एक जण वर येऊन म्हणाला, "खलास, खलास." कुणाला काही झालं नाही. भाभींनी मला खाली बसवलं आणि साखर घातलेलं पाणी पाजलं.

संध्याकाळी नवरा आला. लिफ्ट बंद, म्हणून जिन्यानं. घरात शिरताना त्याचा चेहरा उतरला होता.

"तो सोफा कायमच तिथं असतो?" त्यानं विचारलं.

मी त्याचं ताट वाढायला घेतलं. तोंड उघडलं असतं तर त्या दिवशी दुसरी आग लागली असती.

त्यानं मालकाला फोन लावला आणि मी एकही वाक्य न सांगता ओरडला. त्याचा परिणामही झाला. चार दिवसांत लिफ्टशेजारी आग विझवायचा नवाकोरा लाल सिलिंडर लागला आणि त्याच्यावर चित्राचं स्टिकर, आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नका, जिन्यानं जा. जिन्यात सोफा होता. खालच्या दाराला नवी साखळी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाभींना म्हटलं, "मी सोफा काढणार." त्या म्हणाल्या, "थांब, चष्मा घेऊन येते." आम्ही दोघींनी तो ढकलत, आपटत, प्रत्येक वळणावर उभा करून खाली नेला. एक पाय मोडला. पुढच्या दारानं बाहेर काढून कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवला. हारिसनं बघितलं आणि पाठ फिरवली. हैदराबादवाली वर येऊन खूप बोलली, नया सोफा था, कभी घर लिया तो रखते. मी ऐकून घेतलं. आठवड्याभरात पाचव्यावरचा फ्रिज आपोआप नाहीसा झाला.

साखळीसाठी नवरा आणि इमारतीतले काही पुरुष मिळून दम्मामला गेले. एकदा नाही, तीनदा. शेवटी आतून ढकललं की उघडणारं आणि बाहेरून न उघडणारं दार बसलं. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं, हे मी फक्त नवऱ्याला सांगितलं, आणि अनेकदा सांगितलं.

त्यानंतर दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही बायका जिना उतरायला लागलो. पहिल्या वेळी बऱ्याच जणी होत्या, हैदराबादवालीसुद्धा, माझ्याशी न बोलता. पुढं कुणाचे गुडघे दुखले, कुणाकडे पाहुणे आले. मग मी आणि भाभीच उरलो. नंतर त्या कायमच्या गावी गेल्या. विमानतळावर जाताना मला जवळ घेऊन म्हणाल्या, "तू नसतीस तर मी लिफ्टचंच बटण दाबत राहिले असते गो."

मी एकटी उतरत राहिले. एका गुरुवारी चौथ्यावरच्या नव्या भाडेकरणीनं दार उघडून विचारलं, "लिफ्ट बंद है क्या?" मी थांबले. तिला सगळं सांगितलं, धूर, साखळी, सगळं. ती डोळे मोठे करून ऐकत होती, मध्येच "हाय अल्ला" म्हणत होती. मला बरं वाटलं. माझं संपल्यावर तिनं माझ्या मागच्या मोकळ्या लँडिंगकडे नीट बघितलं.

"दीदी," ती म्हणाली, "यहाँ दो दिन बच्चे की सायकल रख दूँ?"