वाजवायला दिलेली पेटी

"दान आलेलं वाद्य वाजवायचं नाही. वाजलं की झिजतं. आणि हा नियम कुणी केला, ते विचारायचं नाही!"

विद्यापीठाच्या पेण उपकेंद्रात संगीत-संग्रहाची कंत्राटी सहायक म्हणून रुजू झाले, त्या दिवशी विभागप्रमुख सरांनी मला एवढंच शिकवलं. संगीतात एम.ए. केलेल्या मुलीला! तेव्हापासून वर्षभरात इतके किस्से साठलेत की वाद्यांपेक्षा त्यांनाच जास्त कपाटं लागतील.

संग्रह रोह्याच्या रिबकामावशींचा. तिथे उरलेल्या मोजक्या यहुदी घरांतलं एक त्यांचं. वडील पेटीवर दावीद राजाची कीर्तनं करायचे, अस्सल मराठीत; मावशींचा हातही त्यांनीच पेटीवर बसवलेला. मुलगा मावशींना कायमचं इस्रायलला नेणार होता, म्हणून त्यांनी पेटी, तंबोरा, रेकॉर्डी, सगळं आम्हाला देऊन टाकलं. मागणं एकच, "जायच्या आधी बाबांची पेटी एकदा कानावर पडू दे गो."

मी तोंडभरून हो म्हटलं. नियमाला विचारायचं राहूनच गेलं!

*

सामान आणायला टेम्पो केला. सर, ड्रायव्हर आणि मी पुढे, वाद्यं मागे. कोलाडला भजी खाताना ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, पेटी हाय ना? वाजवा की, रस्ता कटंल."

सर भज्यासकट गरजले, "दानाची आहे ती! वाजवायची नाही!"

वडखळच्या अलीकडे रस्ता संपला आणि खड्डे सुरू झाले. पेटीच्या भात्याचा खटका तुटलेला. एका दणक्याला मागून लांबलचक सूर आला. सर दचकले. "कोण वाजवतंय?"

ड्रायव्हर म्हणाला, "खड्डे, सर! सांगा त्यांना तुमचा नियम."

*

मग नोंदणी. भांडार सांभाळणारे काका एका दुपारी खुशीत आले. "पोरी, सगळ्या रेकॉर्डींवर नंबर टाकले. पक्के, ऑइल पेंटने."

टाकले होते. मधल्या कागदावर नाही, सुई फिरते त्या रेघांवर. पांढरे, बोटभर जाड!

मी डोकं धरलं. "काका, निदान एक बाजू तरी सोडायची!"

"वा! आणि कुणी उलटी ठेवली तर?"

*

कुलगुरू भेटीला येणार म्हटल्यावर सरांना तंबोरा मळका दिसायला लागला. पेणमध्ये चमक हवी तर माणूस कुठे जाणार? गणपतीच्या कारखान्यात! तंबोरा घेऊन आम्ही गेलो. चारी बाजूंना बिनरंगाचे गणपती, मधोमध आमचे सर.

"सोनेरी द्या. वर थोडं मोती कलर."

रंगारी दादांनी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हलकी टिचकी मारली, कान लावला आणि तंबोरा माझ्या हातात परत दिला. "याला रंग चोपडला तर हा बोलायचा नाय, सर."

"अहो, पण इतके गणपती रंगवता ना?"

"गणपतीला कुठं बोलायचं असतं? तो ऐकून घेतो!"

वर्षभरात संगीतावर ऐकलेलं हे एकमेव शहाणपणाचं वाक्य. तेही रंगाऱ्याचं.

*

खाडीच्या दमट हवेत पेटीचे सूर चिकटायला लागतात, भात्याला कसर लागते. मी तसा रिपोर्ट दिला. आणि काय सांगू, चक्क एसी मंजूर झाला! बसला मात्र सरांच्या केबिनमध्ये.

"सर, वाद्यं पलीकडच्या खोलीत आहेत."

"पण जबाबदारी माझ्यावर आहे ना!"

*

जायची तारीख ठरल्यावर मावशी पेटी ऐकायला पेणला आल्या. सरांनी चहा पाजला आणि म्हणाले, "अर्ज करा. वारसा समिती निर्णय घेईल."

मावशींनी अर्ज केला. उत्तर आलं: विषय पुढील बैठकीत ठेवण्यात येईल. बैठक तीन महिन्यांनी, मावशींचं विमान तीन आठवड्यांनी!

मावशींना मी हे फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी वाजवायला दिली गो, पुरायला नाय."

*

परवाच वार्षिक तपासणी झाली. त्याच वारसा समितीचे पाचही ज्येष्ठ सदस्य खुर्च्यांवर, सर धरून. मी मुद्दाम त्याच दिवशी मावशींना बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या निघणार होत्या. त्या दाराशी स्टुलावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन.

सरांनी कागद पुढे केला. "'सर्व वाद्ये चालू स्थितीत आहेत.' इथे सही कर."

"वाजवून बघितल्याशिवाय नाही करणार."

"तुला नियम माहीत आहे."

"माहीत आहे. पण 'चालू' लिहिलंय ना, सर? मग पाचांपैकी कुणीही पेटी वाजवून दाखवा, लगेच करते सही."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. दुसऱ्यांना एकदम खोकला आला. संगीताचा वारसा सांभाळणाऱ्या समितीत पेटी येणारा एकही नव्हता!

"तुझं कंत्राट या महिन्यात संपतंय," सर हळूच म्हणाले. "मुकाट्याने सही कर."

"नाही करणार."

मी कपाट उघडलं, पेटी उचलली आणि मावशींच्या पुढ्यात ठेवली. मावशी स्टुलावरून उतरून खाली बसल्या. पदराने पट्ट्या पुसल्या. मग मान वर करून एकेकाकडे बघितलं, कुणी अडवतंय का म्हणून.

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

मावशींनी भाता उघडला.